अपडेटनं ॲड-ऑन मोडतं तेव्हा: वाय दाबण्याआधी आणि दाबल्यानंतर

कोजागरीला चार दिवस उरले होते. इंदूरला रामबागेच्या बाजूला आमचं एक जुनं मराठी वाचनालय आहे. तिथल्या सहा संगणकांची देखभाल मी फुकटात करतो, म्हणजे मोबदला पोहे-जिलबीत मिळतो. त्या सकाळीही एका हातात पोह्यांची पुडी होती आणि दुसऱ्या हातानं टर्मिनलवर अपडेट चाललं होतं. यंत्रानं लांबलचक यादी दाखवून विचारलं, पुढे जाऊ का? मी न वाचता वाय दाबला.

दुपारी ग्रंथपाल काकूंचा फोन. “अरे, ते नावं बदलून पत्रं पाठवणारं बटण कुठे गेलं? तीनशे सभासदांना निमंत्रण जायचंय.”

थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली होती आणि एकाच मजकुराची पत्रं नावानिशी पाठवणारं ॲड-ऑन, म्हणजे प्रोग्रॅमला वरून जोडलेला छोटा भाग, तिच्याशी जुळत नव्हतं. यंत्रानं ते काढून टाकण्याची परवानगी सकाळी रीतसर मागितली होती आणि मी ती दिली होती. तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

पुढे हे बऱ्यापैकी खणून काढलं, त्यातलं कामाचं इथे मांडतोय. मुख्यतः डेबियन या लिनक्स डिस्ट्रोबद्दल (डिस्ट्रो म्हणजे लिनक्स आणि त्यावरचे प्रोग्रॅम यांचा तयार संच), कारण आमच्याकडे तेच आहे. बाकीच्यांचा उल्लेख शेवटी. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, फोनवर काकूंना सांगतो तशाच. टंकताना अर्थातच रोमन अक्षरं.

स्थिर म्हणवणाऱ्या डिस्ट्रोत हे होतंच कसं?

डेबियन स्टेबल (डेबियनची स्थिर शाखा) साधारण दोन वर्षांनी नवं येतं. बारावी आवृत्ती बुकवर्म १० जून २०२३ ला आली, तेरावी ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला. एकदा बाहेर पडली की आतल्या पॅकेजांच्या, म्हणजे बसवायला बांधून दिलेल्या प्रोग्रॅमांच्या, आवृत्त्या सहसा बदलत नाहीत. सुरक्षेतलं भोक सापडलं तर नव्या आवृत्तीतली तेवढीच दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीला ठिगळ लावतात. म्हणूनच वाचनालयातल्या लिबरऑफिसचा मेनू दोन वर्षं जागचा हलत नाही आणि काकू खूश असतात.

ब्राउझरला मात्र हे ठिगळकाम पुरत नाही. फायरफॉक्समध्ये दर महिन्याला सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा ढीग येतो. त्या एकेक करून दोन वर्षं जुन्या कोडमध्ये बसवत राहणं माणसांच्या आवाक्यातलं नाही. म्हणून डेबियननं फायरफॉक्स, थंडरबर्ड आणि क्रोमियम यांना सरळ अपवाद केलं आहे. पहिल्या दोघांची ईएसआर ही लांब पल्ल्याची शाखा स्टेबलमध्ये घेतात आणि ती शाखा संपली की पुढच्या शाखेवर उडी मारतात. म्हणजे सगळी इमारत जागच्या जागी, पण एका खोलीची फरशी दरवर्षी उखडून नवी. ॲड-ऑन नेमकी त्याच खोलीत राहतात.

या उडीला ठरावीक ऋतू आहे, हे मला उशिरा कळलं. नवी ईएसआर बहुधा जून-जुलैत येते: ११५ जुलै २०२३ मध्ये, १२८ जुलै २०२४ मध्ये, १४० जून २०२५ मध्ये. जुनी शाखा त्यानंतर अडीच-तीन महिने चालते आणि मग डेबियन स्टेबलला उडी मारणं भाग पडतं. हिशोब केला तर ही वेळ पितृपक्ष ते दिवाळी अशी पडते. आमची कोजागरी बरोबर त्यात सापडली. तुमच्या संस्थेचं काम एखाद्या ॲड-ऑनवर अडून असेल, तर भिंतीवरच्या पंचांगात या दोन महिन्यांवर खूण करून ठेवा.

सगळ्यात मोठी पडझड २०१८ मध्ये झाली. १४ नोव्हेंबर २०१७ ला आलेल्या फायरफॉक्स ५७ नं जुन्या धाटणीची ॲड-ऑन कायमची बंद केली आणि फक्त वेबएक्स्टेन्शन ही नव्या धाटणीची ठेवली. ईएसआर ५२ ही जुन्यांना सांभाळणारी शेवटची शाखा. सप्टेंबर २०१८ मध्ये ती संपली, स्टेबल ६० वर गेलं आणि डेबियन ९ मधली ‘झूल-एक्स्ट’ नावानं सुरू होणारी, जुन्या ॲड-ऑनची कितीतरी पॅकेजं एका फटक्यात निरुपयोगी झाली. पुढच्या पॉइंट रिलीजमध्ये (स्टेबलच्या दुरुस्त्या एकत्र करून काढलेल्या आवृत्तीत) काढून टाकलेल्या पॅकेजांची यादी आली. त्यात नावं वेगवेगळी, कारण एकच: नव्या फायरफॉक्स-ईएसआरशी जुळत नाही. दोन वर्षांनी थंडरबर्ड ७८ आला, तेव्हा मेल कूटबद्ध करणाऱ्या एनिग्मेलचं काम मुख्य प्रोग्रॅमनंच पोटात घेतलं. एनिग्मेलची २.२ ही आवृत्ती उरली ती फक्त जुन्या चाव्या नव्या घरात हलवण्यापुरती. हा प्रकार मला आवडला. मोडण्याआधी सामान हलवायला माणूस पाठवला.

पॅकेज सांभाळणाऱ्याच्या हातात काय असतं

फार काही नसतं. तो ॲड-ऑनची नवी, जुळणारी आवृत्ती स्टेबलमध्ये घालण्यासाठी रिलीज टीमची परवानगी मागू शकतो. मूळ लेखकानं काम सोडलं असेल तर पॅकेज काढून टाकायला सांगू शकतो. आणि पॅकेजच्या माहितीत ‘ब्रेक्स’ हे क्षेत्र भरू शकतो, म्हणजे ‘या दोन आवृत्त्या एकत्र नांदणार नाहीत’ अशी लेखी नोंद. (विकासाच्या शाखेत आणखी एक चाळणी असते: नव्या पॅकेजमुळे दुसऱ्या कुणाच्या स्वयंचलित चाचण्या पडल्या, तर ते टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढचं स्टेबल जिथे तयार होतं तिथे, जाण्याआधी अडवलं जातं. पण सुरक्षेचं अपडेट स्टेबलला थेट येतं, तेव्हा ही चाळणी आपल्या कामाची नाही.)

या ‘ब्रेक्स’चा एक परिणाम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. माझ्या मते तोच सगळ्यात धोक्याचा.

ॲप्ट हे डेबियनचं पॅकेजं बसवणारं-काढणारं अवजार. त्याची ‘ॲप्ट अपग्रेड’ ही कमांड बसवलेलं कुठलंही पॅकेज काढत नाही. नवा ब्राउझर बसवायचा तर जुनं ॲड-ऑन काढावं लागेल असं तिला दिसलं, तर ती ब्राउझरच मागे ठेवते. पडद्यावर ‘केप्ट बॅक’ अशी ओळ येते. ट्रिक्सीतल्या नव्या ॲप्टमध्ये तिथे ‘नॉट अपग्रेडिंग’ दिसतं. रात्री आपोआप चालणारं ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ही तसंच वागतं. वरकरणी सगळं छान: ॲड-ऑन चालू, बटणं जागेवर, कुणाची तक्रार नाही. आणि खाली सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळालेला ब्राउझर आठवड्यामागून आठवडे सभासद वापरताहेत, कुणी त्यावर बँकेचा पासवर्डही टाकतंय.

‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ उलट वागते. ती अडसर असलेलं पॅकेज काढते आणि ब्राउझर पुढे नेते. माझ्या पोह्यांच्या सकाळी मी हीच चालवली होती. दोन्ही कमांड आपापल्या जागी बरोबर आहेत. मधली ओळ वाचणं तेवढं आपल्याकडे येतं.

आता हातानं करायचं काम

*पहिलं: प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.* हसू नका. फायरफॉक्स उघडा असतानाच त्याच्या खालच्या फाइली बदलल्या गेल्या तर टॅब उघडत नाहीत, ॲड-ऑन अर्धवट चालतात. माझ्याकडे येणाऱ्या ‘मोडलं’च्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

*दुसरं: ॲड-ऑन कुणाकडून आलं ते ठरवा.* त्याशिवाय पुढची एकही पायरी बरोबर पडणार नाही. एकच ॲड-ऑन तीन वाटांनी आलेलं असू शकतं: डिस्ट्रोच्या पॅकेजमधून, मोझिलाच्या ॲड-ऑनच्या संकेतस्थळावरून, किंवा कुणीतरी पेनड्राइव्हवरून हातानं टाकलेलं. टर्मिनलवर हे चालवा:

डीपीकेजी -एल 'वेबएक्स्ट-*'

यादीत ‘वेबएक्स्ट-यूब्लॉक-ओरिजिन-फायरफॉक्स’सारखं नाव दिसलं, तर ते डेबियनचं. ब्राउझरच्या ॲड-ऑनच्या पानावर दिसतंय पण इथे नाही, तर ते वापरणाऱ्याच्या प्रोफाइलमध्ये (त्याच्या सेटिंग्ज आणि साठ्याच्या फोल्डरमध्ये) बसलंय आणि ॲप्टचा त्याच्याशी काही संबंध नाही. दोन्हीकडे असेल तर प्रोफाइलमधलं वरचढ ठरतं. आमच्या एका संगणकावर असं जुळं होतं. डेबियननं दुरुस्त आवृत्ती दिली तरी काही फरक पडेना आणि मी उगाच तासभर डोकं खाजवत बसलो.

*तिसरं: काल काय घडलं ते वाचा.* /व्हार/लॉग/ॲप्ट/हिस्टरी.लॉग या फाइलमध्ये तारीख-वेळेसह सगळं असतं: काय बसलं, काय वर गेलं, काय काढलं, कोणती कमांड दिली होती. फाइलच्या शेवटापासून वर वाचत या. ‘रिमूव्ह’ या ओळीत तुमचं ॲड-ऑन असेल तर तपास तिथेच संपला. नसेल, पण ‘अपग्रेड’मध्ये थंडरबर्ड किंवा फायरफॉक्स-ईएसआरचा पहिला आकडा बदललेला दिसला (समजा १२८ चा १४०), तर पॅकेज जागेवर आहे पण ब्राउझरनं त्याला नाकारलंय. थंडरबर्डमध्ये असं जास्त होतं. त्याची बरीच ॲड-ऑन प्रोग्रॅमच्या आतल्या भागात हात घालतात आणि ‘या आवृत्तीपर्यंतच चालेन’ अशी मर्यादा स्वतःच लिहून ठेवतात. फायरफॉक्सची वेबएक्स्टेन्शन ईएसआरच्या उडीत सहसा तगतात.

*चौथं: जुळणारी आवृत्ती कुठे आहे का, ते बघा.* ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव. बसलेली आवृत्ती, मिळू शकणारी आवृत्ती आणि ती कोणत्या रेपोतून (पॅकेजांच्या कोठारातून) येतेय, तिन्ही कळतं. सुरक्षेचं अपडेट आणि ॲड-ऑनचं अपडेट वेगवेगळ्या वाटांनी येत असल्यानं दोघांत काही दिवसांचं अंतर पडू शकतं, तेव्हा ‘ॲप्ट अपडेट’ आधी चालवून घ्या. ‘ॲप्ट चेंजलॉग’मध्ये सांभाळणाऱ्यानं काही लिहिलंय का तेही पाहा. ‘ॲप्ट-लिस्टचेंजेस’ हे छोटं पॅकेज बसवलं तर महत्त्वाच्या सूचना अपडेटच्या आधीच समोर येतात. मी ते सहाही संगणकांवर घातलंय.

*पाचवं: निर्णय.* इथे वाटा तीन आहेत आणि माझा कल स्पष्ट सांगतो.

डिस्ट्रोत जुळणारी आवृत्ती नसेल आणि मोझिलाच्या संकेतस्थळावर असेल, तर तिथून घ्या. ब्राउझर मात्र अडवून ठेवू नका. क्रम महत्त्वाचा: आधी तिथलं ॲड-ऑन बसवा, ते चालतंय ना बघा, मगच ‘ॲप्ट रिमूव्ह’नं डेबियनचं काढा. दोघांचा अंतर्गत ओळख क्रमांक एकच असेल तर सेटिंग्ज टिकतात. उलट क्रमानं गेलात तर ब्राउझर ‘ॲड-ऑन गेलं’ असं समजून त्याचा साठा पुसू शकतो. ॲड-ऑनमध्ये सेटिंग्ज फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय असेल तर तेही आधी करून ठेवा.

कुठेच जुळणारी आवृत्ती नसेल, तर त्या ॲड-ऑनशिवाय काम कसं होईल ते शोधा. बहुतेकदा होतं.

तिसरी वाट ‘ॲप्ट-मार्क होल्ड थंडरबर्ड’. म्हणजे थंडरबर्डला हात लावू नकोस. ही सुटकेची वाट वाटते, म्हणूनच मी तिला घाबरून असतो. कार्यक्रम परवावर आला असेल, पत्रं जायलाच हवीत, तर दोन दिवस चालेल. पण होल्ड लावून विसरणं हा आपल्याकडचा जुना रोग. होल्ड लावलात की त्याच क्षणी वहीत ‘अनहोल्ड’ची तारीख लिहा, ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ ही कमांड अशी विसरलेली नावं दाखवते.

शिवाय जुनं गोठवून ठेवल्यानं ॲड-ऑन वाचतातच असंही नाही. ॲड-ऑनच्या सह्या तपासणारं मोझिलाचं एक मूळ प्रमाणपत्र १४ मार्च २०२५ ला संपलं. फायरफॉक्स १२८ किंवा ईएसआर ११५.१३ च्या मागे राहिलेल्यांना त्याचा फटका होता: ॲड-ऑन टिकावीत म्हणून ज्यांनी ब्राउझर थांबवला, त्यांचीच ॲड-ऑन बंद पडण्याची पाळी. ४ मे २०१९ ला एक मधलं प्रमाणपत्र संपलं तेव्हा तर जगभरच्या फायरफॉक्समधली ॲड-ऑन एकदम बंद झाली होती आणि त्यात अपडेटचा काही संबंध नव्हता. एखाद्या सकाळी सगळ्याच संगणकांवरची सगळीच ॲड-ऑन गेली तर हिस्टरी.लॉग चाळण्याआधी हे आठवा.

*सहावं: जुनी आवृत्ती परत बसवायचीच असेल तर.* आधी प्रोफाइलची प्रत. घरच्या फोल्डरमधलं .थंडरबर्ड किंवा .मोझिला हे लपलेलं फोल्डर प्रोग्रॅम बंद असताना दुसरीकडे कॉपी करा. फायरफॉक्स ६७ पासून एकदा नव्या आवृत्तीनं वापरलेलं प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही. नवं, रिकामं प्रोफाइल करायला सांगते. काकूंच्या दृष्टीनं रिकामं प्रोफाइल म्हणजे सगळी पत्रं गेली. (गेलेली नसतात, पण तो फोन कुणाला यावा असं मला वाटत नाही.) ‘अलाउ-डाउनग्रेड’ हा पर्याय देऊन जबरदस्तीनं उघडता येतं, पण नव्यानं लिहिलेला साठा जुन्याला वाचता येईलच याची हमी नाही. प्रत अपडेटच्या आधीची असेल तरच खरी उपयोगाची. जुनी पॅकेजं स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्गवर तारखेनुसार मिळतात.

*सातवं: कळवा.* ‘रिपोर्टबग’ आणि पुढे ॲड-ऑनच्या पॅकेजचं नाव. आधीच्या तक्रारी तो स्वतःच दाखवतो, त्यात आपली असेल तर नवी टाकू नका. नसेल तर ब्राउझरची आवृत्ती, ॲड-ऑनची आवृत्ती आणि त्रुटीचा संदेश जसाच्या तसा द्या. ‘चालत नाही’ एवढंच लिहिणं म्हणजे डॉक्टरला ‘बरं वाटत नाही’ सांगून फोन ठेवण्यासारखं.

दुसऱ्या डिस्ट्रोवाल्यांसाठी

उबुंटूत २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतो. डबाबंद, म्हणून ॲप्टनं बसवलेली वेबएक्स्ट पॅकेजं त्याला दिसत नाहीत. ॲड-ऑन मोझिलाकडूनच घ्यायची. स्नॅप स्वतःहून दिवसातून चारदा अपडेट तपासतो. ‘स्नॅप रिफ्रेश --होल्ड=७२एच फायरफॉक्स’ दिलं तर तीन दिवस थांबतो, आणि मुदत आपोआप संपते म्हणून हा होल्ड मला डेबियनच्या होल्डपेक्षा बरा वाटतो. ‘स्नॅप रिव्हर्ट फायरफॉक्स’नं प्रोग्रॅम मागे जातो, प्रोफाइल जात नाही. म्हणजे वरचा डाउनग्रेडचा पेच तिथेही आहेच.

फेडोरात ‘डीएनएफ हिस्टरी’ आणि ‘डीएनएफ हिस्टरी अनडू’ सोयीचे आहेत. पण रेपोत मूळ रिलीजची आणि सगळ्यात ताजी अशा दोनच आवृत्त्या राहतात, मधल्या नाहीत; म्हणून ‘अनडू’ कधी कधी हात वर करतो. आर्चमध्ये एकच पॅकेज मागे ठेवून बाकीचं पुढे नेणं अधिकृतपणे चालतच नाही. तिथे पॅकमनच्या (आर्चच्या ॲप्टच्या) कॅशमधली जुनी फाइल हा पहिला आधार, आणि एयूआर या वापरकर्त्यांनी चालवलेल्या साठ्यातून घेतलेलं पुन्हा बांधणं तुमचंच काम.

डेस्कटॉपची एक्स्टेन्शन हा वेगळा त्रास. नोम या डेस्कटॉपच्या प्रत्येक एक्स्टेन्शनच्या मेटाडेटा फाइलमध्ये ‘नोम शेलच्या कोणत्या आवृत्तीवर चालतं’ ते लिहिलेलं असतं. सप्टेंबर २०२३ मधल्या नोम ४५ नं आतली मॉड्यूलची पद्धतच बदलली, त्यामुळे ४४ पर्यंतची एक्स्टेन्शन बदल केल्याशिवाय चालत नाहीत. डेबियनच्या बुकवर्ममध्ये नोम ४३ आणि ट्रिक्सीत ४८. म्हणजे वर जाताना ही भिंत मधे येतेच. डेबियनच्या पॅकेजमधली एक्स्टेन्शन सोबत बदलतात. घरच्या फोल्डरमध्ये स्वतः टाकलेली मोडतात. आवृत्तीची तपासणी बंद करण्याची युक्ती ही भिंत ओलांडताना काही कामाची नाही. अपग्रेडच्या आधी ‘नोम-एक्स्टेन्शन्स लिस्ट --एनेबल्ड’ची यादी कागदावर उतरवा, सगळी बंद करा, वर गेल्यावर एकेक करून चालू करा.

कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) बाहेरून जोडलेले ड्रायव्हर, म्हणजे वायफाय किंवा एनव्हिडियाचे, हेही एका अर्थी ॲड-ऑनच. नव्या कर्नेलवर ते बांधले गेले का ते ‘डीकेएमएस स्टेटस’ सांगतं. नसतील तर संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुन्या कर्नेलवर सुरू करा, आणि जुना कर्नेल पुसायची घाई कधीच करू नका.

आमचा सध्याचा रिवाज

वाचनालय सोमवारी बंद असतं, अपडेट त्याच दिवशी. सहातला कोपऱ्यातला, मोडका माऊस असलेला संगणक हा बळीचा बकरा. तिथे आधी ‘ॲप्ट -एस फुल-अपग्रेड’ चालवतो. ‘एस’मुळे काहीच बसत नाही, नुसतं नाटक होतं आणि काय काय निघणार ते दिसतं. ‘रिमूव्ह’खाली काही नसेल तर पुढे जातो. असेल तर त्या ॲड-ऑनवर कुणाचं काम अडतं ते काकूंच्या वहीत बघतो. वहीत तीनच रकाने आहेत: ॲड-ऑन, कुठून घेतलं, कोण वापरतं. हा कागद कुठल्याही कमांडपेक्षा जास्त वेळा कामी आला आहे. बकऱ्यावर दोन दिवस काही मोडलं नाही तर बुधवारी बाकीचे पाच. सुरक्षेची अपडेटं दोन दिवसांपेक्षा जास्त थांबवायची नाहीत, हे मी स्वतःला घालून घेतलेलं बंधन.

कोजागरीची निमंत्रणं त्या वर्षी लिबरऑफिस रायटरच्या मेल मर्जमधून गेली. सभासदांची यादी कॅल्कमध्ये होतीच. रायटरमधून ईमेल पाठवता येतात हे आम्हा दोघांनाही तोवर माहीत नव्हतं. ॲड-ऑनची जुळणारी आवृत्ती नंतर आली, पण काकूंनी ते परत बसवू दिलं नाही. आणि आता मी गावात नसलो की सोमवारी त्यांचाच फोन येतो: “नाटक चालवलंय. रिमूव्हखाली एक नाव आहे. वाचू का?”